पेजेवरचे तीन दिवस

मोठ्या आतड्याच्या स्कॅनआधी तीन दिवस काय खायचं नाही, याचा एक कागद मिळतो. भाकरी नको, पालेभाजी नको, शेंगदाणे, तीळ, काकडी, टोमॅटो, पेरू नको, सालाची डाळ नको, दूध नको. आमच्याकडच्या बाईच्या ताटातून एवढं काढून घेतलं की मागं मीठ आणि पाणी उरतं. चालेल त्या बाजूला लिहिलं होतं : मऊ भात, मुगाच्या वरणाचं वरचं पाणी, साल काढलेला बटाटा, गाळलेलं ताक. आणि शेवटच्या दिवशी फक्त गाळलेली पेज, नारळपाणी, बिनदुधाचा चहा.

मी पुंडलिकनगरात राहते. ब्लाऊज शिवते आणि दुपारी दोन ते चार मुलींना शिवण शिकवते. तो कागद हातात आला तेव्हा यातून गेलेलं एखादं माणूस मी खूप शोधलं. भेटले ते सगळे ऐकीव सांगणारे. कुणाची नणंद पाल्याच्या रसानं बरी झाली होती, कुणाचा साडू गेला होता. स्कॅनआधी प्यायचं औषधाचं पाणी कसं लागतं, एवढं साधंसुद्धा कुणी सांगेना. म्हणून लिहिते आहे. दुसरं कारण माझा भाऊ. तो आता नाही.

लपवलेले महिने

रक्त पहिल्यांदा दिसलं ते गणपतीच्या सुमारास. मूळव्याध असेल म्हटलं. मूळव्याध म्हटलं की बाईला फार काही सांगावं लागत नाही, दाखवावं तर मुळीच लागत नाही. मेडिकलमधून मलम आणलं, तिखट सोडलं. संडासात जाताना मोठी बादली भरून न्यायचे, मागे काही राहू नये म्हणून. घरात मी, आमचे हे आणि मुलगी प्राची. तिघांच्या घरात मी पाच महिने रक्त लपवलं आणि कुणाला कळलं नाही, याचं मला तेव्हा बरं वाटत होतं. आज त्याच गोष्टीची भीती वाटते.

वजन उतरत होतं. क्लासच्या मुली म्हणायच्या, "बाई, बारीक झालात. छान दिसता." मी माझ्याच ब्लाऊजांना दोनदा बाजूनं टीप मारून घेतली. स्वतःच्या हातानं माप घेत होते आणि तरी मान्य करत नव्हते.

संक्रांतीनंतर एका दुपारी मशीनवरच चक्कर आली. मुलींनी धरलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहा. तिथून उस्मानपुऱ्यातल्या पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी खालून नळी घालून बघितलं. भूल उतरल्यावर म्हणाले, "नळी पुढं जात नाही. एका जागी वाट अरुंद झालीय. तिथला तुकडा तपासायला घेतलाय. पण त्याच्या पलीकडं काय आहे, ते स्कॅनमध्येच दिसेल."

मग विचारलं, "घरात कुणाला आतड्याचा काही आजार?"

"आई गेली पोटाच्या दुखण्यानं," मी म्हटलं.

"नेमकं काय होतं?"

 मी नऊ वर्षांची होते. पोटात गोळा आहे म्हणायचे. करणी आहे असंही म्हणायचे. तिला बिडकीनच्या दवाखान्यात दोनदा बैलगाडीतून नेलेलं आठवतं, तिसऱ्यांदा नेलं नाही. तिचं तेव्हाचं वय विचारलं तेव्हा मी हिशेब केला. अडतीसची असेल. डॉक्टरांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

दादा आला

आमचे हे वाळूजच्या कंपनीत आहेत. पाळ्या असतात. नव्या साहेबानं स्कॅनच्या दिवसाची सुट्टी दिली, त्याआधीची नाही. प्राचीची परीक्षा चालू होती. मी म्हटलं, पेज पिण्यात कसली सोबत, एकटी राहीन. पण ह्यांनी कुणाला न विचारता माझ्या भावाला फोन केला होता.

भगवानदादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. आमचं घर मेंढपाळाचं, बिडकीनपासून पुढं आत. आई गेल्यावर माझी वेणी त्यानं घातली. वाकडी असायची, पण घट्ट असायची. तो पाचवीतून मेंढरांमागं गेला आणि मी दहावीपर्यंत शिकले. त्या बाजूला कारखान्यांची कुंपणं आली, रान आटलं, तशी मेंढरंही त्यानं कमी केली. पण चालणं सुटलं नव्हतं. शहरात आला तरी रिक्षात बसायचा नाही. बसस्टँडपासून पुंडलिकनगरपर्यंत चालत यायचा.

आल्या आल्या त्यानं तो कागद वाचून दाखवायला लावला. ऐकून घेतला. मी त्याच्यासाठी भाकरी थापायला घेतली तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे ते पीठ."

"का रे?"

"तू पेज प्यायची आन म्या तुझ्याम्होरं भाकर मोडायची? नाय जमायचं, कांते. तू खाशील त्येच दे."

"तुला तीन दिवस पेजेवर कसं निभेल? चालणारा माणूस तू."

"हितं कुठं मेंढरं हायती चालायला."

तसं आम्ही दोघं बहीणभावांनी दोन दिवस समोरासमोर बसून मऊ भात खाल्ला. मला तो गिळवत नव्हता. तो मात्र शांतपणे, चवीनं खायचा. दुसऱ्या दिवशी ताट पुढं सरकवून म्हणाला, "लई दिसानं प्वाट हलकं लागलं बघ."

मला आनंद झाला. माझ्या दुखण्यातून त्याला तरी काही बरं मिळालं म्हणून. लई दिसानं म्हणजे किती दिसानं, हे मी विचारलं नाही. माझ्या डोक्यात माझंच पोट होतं.

पाण्याचा दिवस

तिसरा दिवस फक्त पाण्याचा. त्या दिवशी माणसाचा स्वभाव कळतो. शेजारच्या घरातून फोडणीचा वास आला आणि मी खिडकी आपटून लावली. प्राची स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कांदा घातलेला अंड्याचा तुकडा खात होती. परीक्षेला निघाली होती बिचारी. मी तिच्यावर ओरडले, "माझ्या नाकासमोरच गिळायचं होतं का तुला?" तिनं घास तोंडातून काढून ताटलीत ठेवला आणि न खाता गेली. त्या पेपरला तिला काय आठवलं असेल देव जाणे. मी नंतर माफी मागितली. ती म्हणाली, "आई, मला पेपरभर वाटत होतं की तू मरशील आणि माझं शेवटचं बोलणं अंड्यावरून असेल."

घरात त्या दिवसांत एक शब्द कुणी उच्चारत नव्हतं. हे त्याला 'ते' म्हणायचे. "ते नसलं म्हणजे झालं." "ते असेलच असं नाही म्हणाले डॉक्टर."

दुपारनंतर पोट साफ व्हायचं औषध घ्यायचं होतं, पावडर पाण्यात कालवून. वाट अरुंद होती म्हणून मला थोडं थोडं, बऱ्याच वेळात घ्यायला सांगितलं होतं. पुढचं काय लिहू. ज्यांना घ्यायचं आहे त्यांनी घरातला संडास त्या दिवसापुरता स्वतःचा मानावा, आणि सुती कपडा जवळ ठेवावा. कातडी सोलवटते, तर खोबरेल तेल आधीच लावावं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या संडासाची कडी तुटलेली होती. मी आत रडत होते. दुखत होतं त्याहून लाजेनं. बाहेर दादा दाराला पाठ लावून बसला, म्हणजे दार उघडणार नाही आणि त्याचं तोंडही पलीकडं राहील. आणि तिथून मोठ्यानं बोलत राहिला. कुठली मेंढी अडली होती, कुठल्या कोकराला दुसऱ्या आईचं दूध लावताना तिनं कशी लाथ मारली, असलं काहीबाही.  मधेच त्यानं विचारलं, "कांते, रगत दिसतंय का अजून?"

"दिसतंय."

"लाल का काळं?"

"लाल."

दाराला लागलेली त्याची पाठ सरकल्याचं ऐकू आलं. मग पुन्हा मेंढरांवर आला.

सहा ग्लास

स्कॅन सेंटरला सकाळी सातला बोलावलं होतं. हे सोबत होते, दादाही होता. तिथं नसरीन नावाच्या सिस्टर होत्या, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी अॅलर्जी, साखर, किडनीचा रिपोर्ट सगळं विचारून घेतलं आणि दीड लिटर पाण्याचा जग समोर ठेवला. त्यात औषध मिसळलेलं होतं. पाण्यासारखंच दिसत होतं, किंचित ढगाळ. कॉन्ट्रास्ट म्हणतात त्याला. आतडं फोटोत उठून दिसावं म्हणून.

"सहा ग्लास आहेत ताई. पंधरा मिनिटाला एक. घोट घोट घ्या, एकदम नक्को. उलटी झाली तर पुन्हा पहिल्यापासून."

चव सांगते. आधी काहीच लागत नाही. मग जिभेच्या मागं कडवट, तांब्याच्या भांड्यात राहिलेल्या पाण्यासारखं, आणि गिळून झाल्यावर एक खोटा गोडवा वर येतो. तोच सगळ्यात वाईट. पहिला ग्लास गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला पोट घट्ट झालं आणि मी ग्लास खाली ठेवला. तीन दिवस उपाशी पोटाला आता भरलेलं पोट नको होतं.

हे उठून बाहेर गेले. त्यांना बघवत नव्हतं. मला त्याचा राग आला आणि तो राग मी चौथ्या ग्लासासाठी वापरला. नसरीन सिस्टर येऊन बसल्या. म्हणाल्या, "नाक धरा आणि ओठाच्या कडेनं प्या. जिभेच्या मध्ये येऊ देऊ नका." तसं केलं, जमलं. पाचव्या ग्लासाला त्यांनी माझ्या पायात स्वतःच्या कपाटातले लोकरीचे मोजे घातले. "आत एसी फार असतो. परत देऊन जा," म्हणाल्या.

दादा आमच्या दोघींकडं बघत होता. त्यानं विचारलं, "शिस्टर, दुखत नसलं पर रगत जात असलं, तर त्ये बी दिसतं का ह्याच्यात?"

"दिसतं ना भाई. पण आधी डॉक्टरला दाखवावं लागतं. चिठ्ठी लागते."

"आन जुनं असलं तर? दोन सालाचं?"

"जुनं असलं तर जास्तच दिसतं," नसरीन सिस्टर म्हणाल्या आणि माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, दादा माझ्यासाठी विचारतोय. माझे पाच महिने त्याला दोन वर्षं वाटत असतील. मी म्हटलं, "दादा, दोन वर्षं कुठली? पाच महिने झालेत."

"व्हय, तेच," तो म्हणाला.

आत गार खोलीत गार पाटावर झोपवलं. मागून नळीनं हवा भरली. त्याचं दुखणं कमी आणि ओशाळणं जास्त. हातातल्या सुईतून औषध सोडलं तेव्हा घशापासून खालपर्यंत ऊन वाफ उतरल्यासारखं झालं आणि वाटलं, आपण पाटावरच लघवी केली. तसं होत नाही, फक्त वाटतं. यंत्रातून आवाज आला, सांस रोकिए. मी श्वास रोखून धरला आणि मला आई आठवली. तिच्या पोटात कुणीच डोकावून बघितलं नव्हतं. तिला कळलंच नाही आपण कशानं मरतोय.

'तेच आहे'

दोन दिवसांनी आम्ही दोघं नवराबायको डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी फोटो भिंतीवरच्या उजेडावर लावला. मला काही कळलं नाही, काळ्यापांढऱ्या सावल्या. ते म्हणाले, "गाठ आहे. तुकड्याचा रिपोर्टही आलाय. पलीकडचं आतडं ठीक दिसतंय, लिव्हर स्वच्छ आहे. ऑपरेशन करता येईल."

ह्यांनी विचारलं, "म्हणजे ते नाही ना, डॉक्टर?"

डॉक्टर म्हणाले, "तेच आहे."

बाहेर आल्यावर हे पायरीवर बसले आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागले. सोडली, बांधली. सोडली, बांधली. मी उभी होते. शेवटी त्यांनी मान वर न करता विचारलं, "घरी जाताना भाजी काय घ्यायची?" मला हसू आलं आणि मग तिथंच, रस्त्यात, रडू आलं. वीस वर्षांत ह्यांनी मला पहिल्यांदा रस्त्यात जवळ घेतलं.

पिशवी

ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं. सहा तास लागले. जाग आली तेव्हा पोटावर पिशवी होती, आतड्यातला मळ तिच्यात यावा म्हणून, चार महिन्यांसाठी. पहिले आठ दिवस मी तिच्याकडं बघितलं नाही, नर्सच बदलायची. नवव्या दिवशी नर्स म्हणाली, "मावशी, आज तुम्ही." मी बदलली. हातांना बारीक काम येत होतं. घरी आल्यावर ब्लाऊजच्या अस्तराच्या उरलेल्या कापडाच्या खोळी शिवल्या तिच्यासाठी. तपासणीला गेले तेव्हा वॉर्डातल्या दोघींनी मागितल्या, त्यांनाही शिवून दिल्या. त्यातली एक खोळ घेऊन घरी गेली. दुसरीची खोळ तिच्या मुलानं परत आणून दिली. मी ती कुणाला दिली नाही.

केमोचे सहा महिने सगळे सारखे. सुई, मळमळ, थंड पाण्याला हात लावला की बोटांत मुंग्या. सुई धरवेना म्हणून शिवण बंद. हे स्वयंपाक शिकले. वाईट करायचे, पण करायचे. एकदा चिडून मी ताट भिंतीवर मारलं. त्यांनी भिंत पुसली. त्यांच्या गप्प राहण्याचं मला तेव्हा ओझं व्हायचं. मी ओरडावं आणि त्यांनी पुसावं, असं आमचं चाललं होतं.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. "आईचा इतिहास बघता तुमच्या भावंडांनी तपासून घ्यायला हवं. मुलांनीही, पंचविशीपासून." मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "मेंढरं वर डोंगराकडं गेलीत. आल्यावर बघू." पुन्हा सांगितलं. "तुझी सुई संपू दे, मंग जाऊ." मी चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा सांगितलं नाही. माझ्यात तेवढी ताकद नव्हती, आणि खरं सांगायचं तर तो ठणठणीत दिसायचा. दर केमोला चालत यायचा.

दादाचा जग

शेवटच्या केमोला तीन आठवडे झाले होते. गयावहिनीचा फोन आला. "तुझ्या भावाच्या पोटात काय ऱ्हाईना झालंय. रानात पडला होता."

पुन्हा तेच डॉक्टर, तोच कागद. आता पेज मी शिजवली आणि मी गाळली. गाळताना मला लई दिसानं हलकं लागलेलं त्याचं पोट आठवलं, रगत लाल का काळं हे आठवलं, आणि मी हातातली गाळणी ओट्यावर ठेवून खाली बसले. सगळं समोर होतं. मी तीन दिवस त्याच्यासमोर बसून जेवले होते.

स्कॅन सेंटरला नसरीन सिस्टरनी त्याला ओळखलं. "भाई, तुम्ही तर..." एवढं बोलून थांबल्या. जग ठेवून गेल्या. वहिनी दाराशी बसून राहिली होती. दुसरा ग्लास त्याच्या हातात देऊन मी विचारलं, "कधीपासून, दादा?"

"तुझ्या आधीपसून."

"माझ्यासोबत इथं बसला होतास तेव्हा होतं?"

"व्हय."

"मग का नाही सांगितलंस? इथंच सांगायचं होतंस. त्याच दिवशी झालं असतं."

तो ग्लासाकडं बघत राहिला. "दोघांचं येकदम निघालं असतं तर कुणी कुणाकडं बघायचं? दाजी तुझ्यापशी बसला असता का माझ्यापशी? म्हणलं, आधी तुझं होऊ दे."

"असं कुठं असतं का रे?"

"आन भ्या बी वाटलं," तो म्हणाला. "लई भ्या वाटलं, कांते. तुला आतून रडताना आयकलं ना त्या दिशी, तवापसून."

यातलं कुठलं खरं होतं, माझ्यासाठी थांबणं की भीती, हे मी आजवर हजारदा तपासलं. दोन्ही खरं असावं. एक धरलं तर मी त्याला मारलं, आणि दुसरं धरलं तर तो भेकड होता, आणि यांतलं एकही मला म्हणवत नाही. त्यानं सहाही ग्लास न थांबता प्यायले. नाक धरलं नाही की तोंड वाकडं केलं नाही. मी सिस्टरकडचे तेच मोजे दिले तर म्हणाला, "मला कसले मोजे," आणि घालून घेतले.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी फोटो उजेडावर लावला नाही. लिव्हरमध्ये पसरलं होतं. ऑपरेशन म्हणाले नाहीत.

तो सात महिने होता. शेवटचे दोन गावाकडं, त्याच्या इच्छेनं. एका दुपारी गेला. अंगणात मेंढरं पाणी पीत होती आणि वहिनी त्यांना हाकलत होती, तेवढ्यात.

दहाव्याला वहिनी सगळ्यांसमोर मला म्हणाली, "तुझं बरं व्हायची वाट बघत बसला त्यो. तुझ्यापायी गेला." बायांनी तिला आवरलं.  तिचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. त्यानंतर वर्षभर आमचं बोलणं नव्हतं.

मनीषा

दादाला एकच मुलगी, मनीषा. सव्वीस वर्षांची, अंगणवाडीत काम करते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. "आत्या, मला तपासून घ्यायचंय. रक्तबिक्त काही नाही. पण घ्यायचंय. आई नको म्हणायली."

"मग?"

"मग मी तुला फोन केला."

ठरल्या दिवशी मी उस्मानपुऱ्यात पोचले तर मनीषासोबत वहिनी होती. पदर कपाळापर्यंत, हातात पाण्याची बाटली. माझ्याकडं बघितलं नाही. मनीषाला नळीच्या तपासणीसाठी आत नेलं, मग आम्ही दोघी एका बाकाच्या दोन टोकांना बसलो. मधे एवढी जागा होती की एक बाई येऊन बसली, तिचं काम झालं आणि उठूनही गेली. वहिनी मधेच म्हणाली, तेही समोर बघत, "माझा राग गेल्याला नाय."

"माहीत आहे, वहिनी."

"जाणार बी नाय."

मी मान हलवली.

पाऊण तासानं डॉक्टर बाहेर आले. दोन छोटे कोंब होते आतड्यात, म्हणाले, आज काढून टाकले, तपासायला पाठवू, पण दिसायला साधे वाटतात. असेच वाढून पुढं गाठ होते. वेळेवर आलात. वहिनीला कोंब म्हणजे काय ते कळलं नाही. मी समजावून सांगितलं. ती ऐकत होती आणि तिच्या हातातल्या बाटलीचं झाकण ती उघडत होती, लावत होती.

"म्हंजी ह्यांचं बी आधी असंच इवलुसं आसंल?" तिनं विचारलं.

"हो."

ती एवढंच ऐकून उठली आणि खिडकीकडं जाऊन पाठमोरी उभी राहिली.

मनीषाची भूल उतरायला संध्याकाळ झाली. मी त्यांना बिडकीनपर्यंत सोडायला गेले. बसमध्ये मनीषा माझ्या खांद्यावर झोपली होती. वहिनी तिच्या पलीकडं. बिडकीनला उतरलो. वहिनीनं मुलीचा हात धरला, दोन पावलं गेली आणि थांबली.

"डाक्टर काय म्हणला, परत कधी?"

"वर्षानं."

"तवा बी तूच न्ये तिला," ती म्हणाली. "मला तिथलं काय कळत नाय."

माझी स्वतःची तपासणी पुढच्या आठवड्यात होती. मागच्या वेळी रक्तातला, गाठ परत येतेय का ते सांगणारा एक आकडा थोडा वर होता आणि डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा बघू. हे मी घरी सांगितलं होतं. वहिनीला सांगितलं नाही.

"नेते," मी म्हटलं.